घरी पोहोचणारे गाणे
(बालगीताचा एक पाठ : इयत्ता पहिली ते चौथी)



गाणे हा प्राथमिक शाळेतील अत्यंत सोपा व त्याच वेळी अत्यंत उपेक्षित असा विषय आहे. परिपाठाच्या वेळी प्रार्थना होते, राष्ट्रीय सणाला स्वागतगीत बसविले जाते, स्नेहसंमेलनात चित्रपटातील एखाद्या गाण्यावर नाच होतो, आणि इतके झाले की संगीत शिकवून झाले असे आपण समजतो. शाळेत शिकलेले गाणे मुलाबरोबर घरी जाते किंवा नाही, घरातील आजी, आजोबा, आई, बाप ते मुलाबरोबर म्हणतात किंवा नाही, याचा विचार आपण सहसा करीत नाही. प्रस्तुत पाठ त्याच विचारासाठी आहे. मुलांनी व घरच्या माणसांनी मिळून म्हणावे असे नवे गाणे शाळेत कसे तयार करावे आणि ते घरापर्यंत कसे पोहोचवावे, हे येथे टप्प्याटप्प्याने सांगण्याचा हेतू आहे.

१. आपल्या जिल्ह्यातील परंपरा

रत्नागिरी जिल्ह्यात गाणे ही कधीच एकट्याने करण्याची गोष्ट नव्हती. शिमग्यात नमन-खेळे निघतात, तेव्हा मृदंगाच्या तालावर गाणाऱ्यांत नातू असतो आणि आजोबाही असतो. गणपतीत जाखडीचा फेर धरला जातो. मध्ये गाणारा व मृदंग वाजविणारा बसतो, भोवती पायात घुंगरू बांधलेले नाचणारे फिरतात, आणि शक्ती व तुरा या दोन पक्षांत सवाल-जबाब रंगतात. गौरीच्या दिवसांत झिम्मा-फुगडीची गाणी घुमतात. घरोघरच्या आरत्यांना तर आमंत्रण लागत नाही. वाडीतील सर्व माणसे एका घरून दुसऱ्या घरी जातात आणि ज्याच्या हाती झांज येईल तो ती वाजवितो.

या परंपरेतील एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. जाखडीचा शाहीर दर वर्षी जुनीच गाणी म्हणून थांबत नाही. चाल ओळखीची असते, पण शब्द त्या वर्षाचे असतात. पाऊस कमी पडला, रस्ता खचला, मुंबईस नवे काही घडले, की ते गाण्यात येते. जात्यावर बसणाऱ्या आपल्या आज्या-पणज्यांनीही हेच केले. ओवीचा साचा जुना, आणि पहाटे सुचलेली ओवी नवी. म्हणजे नवे गाणे रचणे हीच आपली जुनी रीत आहे. जाते बहुतेक घरांतून गेले, त्यामुळे ओवी रचण्याचे ठिकाण गेले. रचण्याची शक्ती मात्र गेलेली नाही.

२. प्रत्येक जुने गाणे एकदा नवे होते

काही शिक्षकांचे म्हणणे असे असते की, मुलांसाठी जुनी गाणी पुष्कळ आहेत, नव्यांची गरज काय? त्यांनी थोडे मागे वळून पाहावे. ‘नाच रे मोरा’ हे गाणे आज आजीपासून नातीपर्यंत सर्वांना पाठ आहे. ते १९५३ सालच्या ‘देवबाप्पा’ या चित्रपटासाठी ग. दि. माडगूळकरांनी लिहिले, पु. ल. देशपांडे यांनी त्यास चाल दिली व आशा भोसले यांनी ते गायिले. त्या वर्षी ते अगदी कोरे होते. ‘सांग सांग भोलानाथ’ हे गीत लिहिणारे मंगेश पाडगावकर १९२९ साली वेंगुर्ल्यास जन्मले. त्या गीताची चाल मीना खडीकर यांची. विंदा करंदीकर हे तर १९१८ साली देवगड तालुक्यातील धालवली येथे जन्मले. हे दोन्ही तालुके १९८१ साली सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा होईपर्यंत रत्नागिरी जिल्ह्यातच होते. मोठ्यांसाठी विचारप्रधान कविता लिहिणाऱ्या विंदांनी ‘राणीची बाग’ (१९६१) सारखी बालकवितेची पुस्तके लिहिली, यावरून मुलांसाठी लिहिणे हे कमी प्रतीचे काम नव्हे हे कळून येईल. अलीकडच्या काळात संदीप खरे व सलील कुलकर्णी यांच्या ‘अग्गोबाई ढग्गोबाई’ या गीतसंग्रहाने घरातील लहानथोरांना एकत्र ऐकावयास लावले.

नवे संगीत संपूर्ण कुटुंबाने एकत्र ऐकल्याचे सर्वांत मोठे उदाहरण ‘गीतरामायणा’चे होय. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या दिवशी, पुणे आकाशवाणीवरून त्याचे पहिले गीत प्रसारित झाले आणि पुढील वर्षीच्या एप्रिलपर्यंत आठवड्यास एक या क्रमाने माडगूळकरांची छप्पन्न गीते सुधीर फडके यांच्या चालीत लोकांपुढे आली. ज्या घरी रेडिओ होता त्या घरी शेजारपाजारची माणसे ठरल्या वेळी येऊन बसत. गीते नवी होती, कथा मात्र सर्वांच्या ओळखीची होती. मुलांच्या व मोठ्यांच्या समान आवडीचे रहस्य पुष्कळसे येथेच आहे : विषय ओळखीचा असावा आणि शब्द ताजे असावेत.

आज परिस्थिती निराळी आहे. रेडिओभोवती घर जमत असे. मोबाइलमुळे एकाच घरातील चार माणसे चार निरनिराळी गाणी ऐकत बसतात. दूरचित्रवाणीवर २००८-०९ साली झालेल्या लहान मुलांच्या ‘सारेगमप’ स्पर्धेत आपल्याच जिल्ह्यातील प्रथमेश लघाटे अंतिम फेरीपर्यंत पोहोचला, याचा आपणांस योग्य अभिमान आहे. परंतु स्पर्धा ही निवडक कंठांसाठी असते. शाळेतील गाणे हे प्रत्येक कंठासाठी आहे. या दोहोंची गल्लत झाली म्हणजे काय होते, ते मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो.

३. एक चूक

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी एका वाडीवरील शाळेत मी स्वातंत्र्यदिनासाठी गीत बसवीत होतो. पाहुणे येणार होते. चौथीतील एका मुलाचा आवाज सारखा खाली उतरे. दोन-तीनदा सांगून पाहिले, आणि शेवटी मी त्यास म्हटले, “तू नुसते ओठ हलव, आवाज काढू नकोस.” गीत उत्तम झाले. पाहुण्यांनी कौतुक केले. मी ती गोष्ट विसरून गेलो.

काही वर्षांपूर्वी गणपतीत त्याच वाडीत दर्शनास गेलो. तो मुलगा आता मुंबईस नोकरीला असतो व सणाला घरी येतो. आरती सुरू झाली. हा मागे उभा राहून झांज सुरेख वाजवीत होता, पण तोंडातून शब्द निघत नव्हता. आरती संपल्यावर मी सहज म्हटले, “अरे, तुझा आवाज काही ऐकू आला नाही.” तो हसून म्हणाला, “गुरुजी, तुम्हीच सांगितलेलं ना, नुसते ओठ हलव म्हणून. अजून तसंच करतो.” त्याच्या बोलण्यात राग नव्हता. पण परतीच्या वाटेवर मला दुसरे काही सुचेना.

मागाहून अभ्यासांती कळले की, दोष त्या मुलाचा नव्हताच. मी गीताचा षड्ज माझ्या भजनाच्या सवयीने फार वर लावला होता. त्यातून पुरुषाचा आवाज मुलांच्या आवाजापेक्षा एक सप्तक खाली असतो. लहान मूल गुरुजींचा तो खालचा स्वर जसाच्या तसा पकडावयास जाते आणि मध्येच कोठेतरी अडखळते. आपण ज्या मुलास ‘बेसूर’ म्हणतो, त्यास बहुधा आपला स्वर कोठे आहे हे अद्याप सापडलेले नसते. त्यास योग्य उंचीवर, थोड्या स्वरांचे गाणे वारंवार म्हणावयास मिळाले, तर त्याची सुधारणा होते. गप्प बसविल्याने मात्र ती कधीच होत नाही.

४. पाठासाठी नमुना गीत

हंगेरीचे संगीतकार झोल्टान कोडाय (१८८२-१९६७) यांनी शालेय संगीताचा पाया आपल्या खेड्यांतील लोकगीतांवर घातला. मूल जशी मातृभाषा आधी शिकते, तसेच त्याने आपल्या मातीतील संगीत आधी शिकावे, हा त्यांचा आग्रह होता. आपल्याकडे ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले व अनुताई वाघ यांच्या साहाय्याने ते पुढे कोसबाड येथे वाढविले. त्यांनीही परिसरात मिळणाऱ्या वस्तूंतूनच शिक्षणाची साधने घडविली. त्याच तत्त्वावर, आपल्या परिसरातील वस्तू व जाखडीतील सवाल-जबाबाची पद्धत घेऊन पुढील छोटे गीत या पाठासाठी रचले आहे.

आजी, आजी, काय वाजते?
कौलांवरती सर ही गाते.

आई, आई, काय हालते?
शेतामधले रोप डोलते.

बाबा, बाबा, काय धावते?
खाडीमधली होडी येते.

(सर्वांनी) घरात सारे, दारी पाणी,
आपण मिळुनी गाऊ गाणी.

प्रत्येक ओळ सोळा मात्रांची आहे. म्हणजे आठ मात्रांच्या केरव्याची दोन आवर्तने. भजनी ठेक्यातही ती बसते, त्यामुळे गावातील मृदंग वा ढोलकी वाजविणाऱ्यास वेगळे काही शिकवावे लागत नाही. सर्व स्वर शुद्ध असून चाल सा ते प या पाच स्वरांतच ठेवली आहे.

प्रश्नाची ओळ :
आ ऽ जी ऽ आ ऽ जी ऽ । का ऽ य वा ऽ ज ते ऽ
सा ऽ रे ऽ सा ऽ रे ऽ । ग ऽ रे ग ऽ म प ऽ

उत्तराची ओळ :
कौ ऽ लां ऽ व र ती ऽ । स र ही ऽ गा ऽ ते ऽ
प ऽ म ऽ ग ग रे ऽ । ग रे ग ऽ रे ऽ सा ऽ

सर्वांची ओळ :
घ रा ऽ त सा ऽ रे ऽ । दा ऽ री ऽ पा ऽ णी ऽ
प प ऽ प म ऽ ग ऽ । म ऽ ग ऽ रे ऽ रे ऽ
आ ऽ प ण मि ळु नी ऽ । गा ऽ ऊ ऽ गा ऽ णी ऽ
ग ऽ ग म ग ग रे ऽ । ग ऽ रे ऽ सा ऽ सा ऽ

प्रश्न पंचमावर संपतो, म्हणून तो अपुरा वाटतो. उत्तर षड्जावर येऊन विसावते. हे मुलांना शब्दांनी समजावून सांगू नये. गाता गाता ते त्यांच्या कानास आपोआप कळते. इतर कडव्यांत शब्दांच्या लघुगुरूप्रमाणे स्वरांची वाटणी किंचित बदलेल. जसे ‘रोप डोलते’ हे ‘ग ऽ रे ग ऽ रे सा ऽ’ असे म्हणावे.

षड्ज कोठे लावावा : शाळेत पेटी असल्यास पांढरी एक ते पांढरी दोन यांच्या दरम्यान षड्ज धरावा. पेटी नसल्यास मोबाइलवर तानपुऱ्याचा स्वर मिळू शकतो. शिक्षक पुरुष असल्यास त्यांनी एकदा स्वतः म्हणून दाखवावे व लगेच एखाद्या मुलीकडून किंवा शिक्षिकेकडून तेच म्हणवून घ्यावे, म्हणजे इतर मुलांना आपल्या उंचीचा स्वर ऐकावयास मिळेल.

५. पाठाचे टप्पे

पहिली तासिका – ऐकणे व ताल. मुलांना गोलात बसवावे. प्रथम फक्त ठेका : पहिल्या मात्रेस मांडीवर थाप, पाचव्या मात्रेस टाळी. तो स्थिर झाला की शिक्षकाने गीत दोनदा म्हणावे. या तासिकेस मुलांनी म्हणू नये. ऐकावे व ठेका धरावा. ज्या मुलास बोलावयास संकोच वाटतो तोही ठेका धरतो, आणि गाण्यात त्याचा प्रवेश तेथूनच होतो.

दुसरी तासिका – स्वर. शिक्षकाने अर्धी ओळ म्हणावी, मुलांनी ती परत म्हणावी. चुकल्यास थांबवून टीका करू नये. तीच अर्धी ओळ पुन्हा म्हणून दाखवावी. मोठ्याने ओरडणे म्हणजे गाणे नव्हे हे सांगण्यासाठी “झोपलेले बाळ उठणार नाही इतक्या आवाजात म्हणा” एवढी सूचना पुरते.

तिसरी तासिका – सवाल-जबाब. वर्गाचे दोन गट करावेत. एकाने विचारावे, दुसऱ्याने उत्तर द्यावे, ध्रुवपद सर्वांनी म्हणावे. नंतर गट बदलावेत. पटसंख्या पाच-सहाच असलेल्या शाळांतून शिक्षक स्वतः एक गट व मुले दुसरा गट अशी रचना चांगली होते.

चौथी तासिका – नवे कडवे. हा या पाठाचा गाभा होय. आजीच्या ओवीत आगबोट येईल. पण कोकण रेल्वे १९९८ साली संपूर्ण मार्गावर सुरू झाली, ती त्या ओवीत कोठून येणार? ती मुलांनी आणावी. नियम दोनच : प्रश्न घरातील एखाद्या माणसास विचारावा, आणि उत्तर ‘ते’ या अक्षरावर संपून ठेक्यात बसावे. उदाहरणार्थ :

मामा, मामा, काय धावते?
डोंगरातुनी गाडी जाते.

एखादे मूल म्हणेल, “मोबाइलवर गाणे वाजते.” ही ओळ ठेक्यात म्हणावयास लावावी. शेवटी एक मात्रा जास्त होते हे मुलांना टाळीवरच जाणवते. मग त्यांनाच शब्द शोधू द्यावा. ‘गाणे येते’ म्हटले की ओळ बसते. मात्रा, यमक व शब्दसंपत्ती यांचा हा भाषेचा पाठच आहे, फक्त फळ्यावर व्याख्या न लिहिता झालेला. शासनाने २०२४ साली सुरू केलेल्या ‘आनंददायी शनिवार’ या उपक्रमात ही तासिका सहज बसू शकते.

६. गाणे घरी कसे जाईल

मुलांना घरचा अभ्यास म्हणून गीत पाठ करण्यास सांगू नये. “आजीचा प्रश्न आजीस विचारा, आईचा आईस विचारा आणि उत्तर त्यांच्याकडून म्हणवून घ्या” असे सांगावे. गीताची रचना त्यासाठीच प्रश्नोत्तरांची ठेवली आहे. मूल विचारते व मोठे माणूस उत्तर देते, म्हणजे मोठ्या माणसास गाण्यात जागा मिळते. ती जागा नसेल तर मूल म्हणते आणि मोठे ‘छान’ म्हणून कामास लागतात.

दुसऱ्या दिवशी “कोणी काय म्हटले?” एवढेच विचारावे. एखाद्या आजीने निराळेच उत्तर दिले असेल, किंवा आपली जुनी ओवी म्हणून दाखविली असेल. ती एका वहीत मुलांकडून लिहून घ्यावी व खाली वाडीचे नाव आणि तारीख घालावी. वर्षाअखेर ही वही शाळेचे धन ठरेल. घरात कोणी नमनात वा जाखडीत वाजविणारे असल्यास त्यांस एक दिवस शाळेत बोलवावे. जे गृहस्थ पालकसभेस कधी येत नाहीत, ते मृदंग वाजवावयास बोलाविल्यास आनंदाने येतात, असा अनुभव आहे.

आपल्या जिल्ह्यात पुष्कळ घरांची रचना अशी की, मूल व आजी-आजोबा गावी आणि बाप, कधी आईसुद्धा, मुंबईस. अशा मुलासाठी गणपती व शिमगा हे दोनच सण नव्हेत. संपूर्ण घर एके ठिकाणी पाहण्याचे ते दिवस होत. म्हणून हे गीत श्रावणात शिकवावे, म्हणजे चतुर्थीस आरत्या आटोपल्यावर मुलांना ते म्हणावयास मिळेल.

वर ज्याची हकीकत सांगितली, त्या गृहस्थाची मुलगी गेल्या वर्षी दुसरीत होती. “बाबांचा प्रश्न बाबांस विचार” असे मी इतरांप्रमाणे तिलाही सांगितले. दुसऱ्या दिवशी तिने वर्गात सांगितले की, रात्री फोनवर विचारले. मी म्हटले, “मग बाबांनी उत्तर सांगितले का?” ती म्हणाली, “सांगितलं नाही, गायले. पण हळू.” मी वहीत तेवढेच लिहून घेतले.

७. शिक्षकांनी पाळावयाची दक्षता

(१) कोणत्याही मुलास गाण्यातून वगळू नये व ‘नुसते ओठ हलव’ असे कधीही सांगू नये.

(२) या गाण्याची स्पर्धा घेऊ नये आणि त्यास गुणही देऊ नयेत.

(३) ज्या मुलास आई, वडील वा आजी नसेल, त्याच्यासाठी काका, मावशी, ताई किंवा शेजारची काकी यांचे कडवे आधीच तयार ठेवावे. हे वर्गात सर्वांदेखत विचारून ठरवू नये.

(४) मुलांनी घरून आणलेली बोली ‘अशुद्ध’ म्हणून खोडू नये. गाण्यात ती तशीच राहू द्यावी.

(५) पाहुण्यांसमोर गीत सादर करावयाचे झाल्यास पालकांनाही मुलांमध्ये बसवावे. नुसत्या टाळ्या वाजविण्याचे काम त्यांस देऊ नये.

बंधुभगिनींनो, सोळा मात्रांच्या चार ओळी रचण्यास कवी असावे लागत नाही, आणि पाच स्वर शिकविण्यास गवई असावे लागत नाही. आपल्या वाडीतील नदी, आंबा, बंदर, एस. टी. चा थांबा, काजूचे बी, जे दिसेल ते घेऊन मुलांबरोबर एक गीत येत्या पावसाळ्यात अवश्य रचावे. ते कसे झाले हे शाळेत ठरवू नये. चार दिवसांनी वाडीतून जाताना एखाद्या घरातून ते ऐकू आले, तर पाठ सफल झाला असे समजावे.